अपघाती मृत्यूनंतरचा भरपाई दावा: कुठला कागद, कधी आणि कोणत्या क्रमानं

“दिवसकार्य होऊ दे, मग बघू.” अपघातात माणूस गेलेल्या घरात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याची धास्ती वाटते. बोलणाऱ्याचं काही चुकत नाही. घरात सुतक असताना पैशाचा विषय कुणालाच नको असतो. पण तेराव्यापर्यंत पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलेलं असतं, रस्त्यावरच्या खुणा पावसानं धुऊन नेलेल्या असतात आणि ज्यानं सगळं पाहिलं तो चाकरमानी मुंबईला परतलेला असतो.

मी रत्नागिरी जिल्ह्यात विधी सेवा स्वयंसेवक म्हणून काम करते. येणारी बहुतेक घरं पहिला प्रश्न विचारतात, “किती मिळतील?” खरं तर तो सातव्या टप्प्यावरचा प्रश्न आहे. आधीचे सहा टप्पे निसटले की सातव्यावर हाती फारसं काही उरत नाही. म्हणून इथे क्रमाला महत्त्व दिलंय. मुख्य विवेचन रस्ते अपघाताचं आहे. रेल्वे, होडी आणि इतर प्रकार तिसऱ्या टप्प्यात येतील.

टप्पा १. पहिले तीन दिवस: एक माणूस फक्त कागदांसाठी

घरातल्या किंवा भावकीतल्या एकाच माणसाकडे हे काम द्या. तो पत्नी, आई किंवा मुलगा नसावा. पुतण्या, भाचा, वाडीतले गुरुजी असं कुणीतरी चालेल. त्याला एक वही द्या. कोणत्या दिवशी कोणाला भेटलो, अंमलदाराचं नाव आणि बक्कल नंबर, गुन्हा रजिस्टर नंबर, पुढच्या वेळी काय घेऊन यायला सांगितलं, हे सगळं त्याच वहीत लिहायचं.

या दिवसांत चार कागदांचा माग ठेवायचा: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा (मृतदेहाच्या स्थितीची पोलिसांनी केलेली नोंद) आणि शवविच्छेदन अहवाल. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनाशुल्क मिळते. ती पोलीस ठाण्यातून बाहेर पडायच्या आधी वाचा. नाव आधारप्रमाणे आहे का? वय बरोबर आहे का? गाडीचा नंबर पूर्ण आहे का? वयाकडे जास्त लक्ष द्या, कारण भरपाईचं गणित वयावर चालतं. पंचेचाळिशीच्या माणसाला ‘अंदाजे ५०’ असं लिहिलं तर पुढे तेच खोडून काढत बसावं लागतं.

आपल्याकडे एक अडचण नेहमीची आहे. अपघात एका ठिकाणी होतो आणि मृत्यू दुसऱ्या ठिकाणी. कुडाळ-सावंतवाडीकडचा जखमी गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात हलवतात, खेड-चिपळूणचा डेरवणच्या रुग्णालयात किंवा थेट मुंबईला. अशा वेळी मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन तिकडेच होतं. तिथलं पोलीस ठाणं अकस्मात मृत्यूची नोंद करून कागद आपल्या ठाण्याकडे पाठवतं. हे कागद पोहोचले का, ते तुम्हालाच विचारत राहावं लागतं. मृत्यूची नोंदही जिथे मृत्यू झाला तिथेच होते, गावच्या ग्रामपंचायतीत होत नाही. बांबोळीत मृत्यू झाला असेल तर दाखला गोव्यातून येणार. परतण्यापूर्वी नोंद कुठे झाली ते विचारून घ्या आणि दाखला मिळेल तेव्हा त्याच्या किमान दहा प्रती घ्या.

> सावध: जखमी माणूस पंधरा-वीस दिवसांनी दगावला तर “मृत्यू अपघातामुळेच झाला कशावरून?” हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरपासून शेवटच्या रुग्णालयापर्यंतची प्रत्येक चिठ्ठी, रेफरल लेटर, बिल जपून ठेवा. आशा सोडून रुग्णाला घरी आणलं आणि घरी मृत्यू झाला, तरी पोलिसांना कळवा आणि शवविच्छेदन करून घ्या. “आता कापाकापी नको” ही भावना मी समजू शकते, पण शवविच्छेदनाशिवाय दावा लंगडा होतो.

टप्पा २. घटनास्थळ: पंचनाम्यातला एक शब्द

इथे माझ्या घरची गोष्ट सांगते. जुलैचा महिना होता. रात्री साडेनऊला माझ्या मावसभावाच्या मोटरसायकलला समोरून ट्रकनं ठोकर दिली. वाहतूक तुंबली म्हणून लोकांनी मोटरसायकल उचलून बाजूला करायला घेतली आणि अर्ध्यातच सोडली. पंचनाम्यात आलं, ‘मोटरसायकल रस्त्याच्या मध्यभागी पडलेली दिसली.’ रात्रभर पाऊस. सकाळी रस्ता स्वच्छ धुतलेला.

पुढे सुनावणीत विमा कंपनीच्या वकिलांनी ‘मध्यभागी’ हाच शब्द धरला. तो मधोमध चालवत होता, म्हणजे निम्मी चूक त्याची. दाव्याचा निकाल देणाऱ्या न्यायाधिकरणानं निम्मी नाही, पण २५ टक्के चूक त्याच्यावर टाकली आणि भरपाई तेवढी कापली गेली. निकालानंतर कित्येक महिन्यांनी वडापावच्या गाडीवरच्या पोरानं आपल्या जुन्या फोनमधला फोटो दाखवला. डाव्या कडेच्या जांभ्याच्या मातीत टायर फरफटल्याची लांब लाल खूण आणि गटाराच्या तोंडाशी आरशाच्या काचा. ठोकर डाव्या कडेलाच बसली होती. हा फोटो वेळेवर मिळाला असता तर!

म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच कुणीतरी जागेवर जावं. काय करायचं?

- रस्त्याची रुंदी, पांढरी पट्टी, वळण, ‘वाहने सावकाश चालवा’चा फलक, खड्डा, अर्धवट खोदकाम, दिव्याचा खांब यांचे फोटो दोन्ही बाजूंनी काढा. किलोमीटरचा दगड एका फोटोत यायलाच हवा.
- काचा, रंगाचे टवके, घसरल्याच्या खुणा जवळून आणि लांबून टिपा. कशालाही हात लावू नका.
- जवळचं दुकान, पंप, हॉटेल, टोलनाका यांपैकी कुठे कॅमेरा आहे ते बघा. चित्रण जतन करण्याची विनंती लेखी द्या आणि त्याच दिवशी तपासी अंमलदारालाही लेखी कळवा. कॅमेऱ्यातलं साठवण काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं.
- तिथे कोण कोण थांबलं होतं ते विचारा. नाव, गाव, मोबाइल घ्या आणि “तुमच्या फोनमध्ये फोटो आहे का?” हे प्रत्येकाला विचारा.

पंचनामा वाचताना दिशा नीट तपासा. गोव्याकडे जाणारी बाजू की मुंबईकडे, डावं कोणाचं आणि उजवं कोणाचं, यात गोंधळ होतोच. चूक दिसली तर तपासी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून काही उपयोग होत नाही.

> सावध: ट्रक किंवा गाडीमालकाचा माणूस पहिल्याच आठवड्यात येतो. “अंत्यविधीला एवढे घ्या, आणि ‘आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही’ असं स्टॅम्पवर लिहून द्या.” अशी सही करू नका. निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम १०६) असा आपसात मिटत नाही, पण तुमचा तो कागद भरपाईच्या दाव्यात तुमच्याच विरुद्ध वापरला जातो.

टप्पा ३. कोणत्या दारात जायचं

समोरची गाडी माहीत आहे का? असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. यात समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण रकमेला वरची मर्यादा नाही. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख मिळतात. मात्र १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. कमावता तरुण माणूस गेला असेल आणि चूक समोरच्याची दिसत असेल, तर ५ लाखांवर समाधान मानू नका.

ठोकर देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. अर्ज कोर्टात करायचा नसतो. तो तालुक्याच्या महसूल कार्यालयात, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पुढे गाडी सापडली तर नेहमीचा दावा करता येतो, त्यातून हे २ लाख वळते होतात.

एसटीच्या धडकेत मृत्यू झाला तर प्रतिवादी बहुतेकदा महामंडळच असतं, विमा कंपनी नसते.

चालवणारा स्वतःच गाडीचा मालक होता आणि चूकही त्याचीच होती, उदाहरणार्थ वळणावर घसरून दरीत गेला, अशा वेळी १६६ खाली वारसांना मिळत नाही. इथेच घरं हात टेकतात. पण थांबा, विम्याची पॉलिसी काढा. ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ या रकान्यात हप्ता भरलेला असेल तर १५ लाख रुपयांचं संरक्षण असतं. अट अशी की गाडी त्याच्याच नावावर हवी आणि परवाना चालू हवा. कित्येक घरांत ही पॉलिसी गाडीच्या डिकीत भिजून पडलेली असते.

कोकण रेल्वेच्या गाडीतून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात जायचं. भरपाई ८ लाख, मुदत एक वर्ष. तिकीट सापडलं नाही म्हणून दावा आपोआप बाद होत नाही, पण प्रवास कुठून, कशासाठी आणि कोणासोबत होता हे शपथेवर सांगणारा माणूस हवा.

होडीवर खलाशी गेला तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे लेखी खबर द्या. मच्छीमारांच्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यूसाठी ५ लाख आहेत. त्याशिवाय तांडेल (होडीचा म्होरक्या) आणि खलाशी पगारावर किंवा वाट्यावर होते का, यावरून मालकाकडून भरपाईचा वेगळा हक्क उभा राहू शकतो.

याशिवाय काही छोटी दारं आहेत आणि ती मोठ्या दाव्याच्या आड येत नाहीत. मृताच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २ लाख. सातबारावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरातला माणूस असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख, त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जायचं. नोकरीला असेल तर भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेला विमा. यांच्या अर्जाच्या मुदती कमी असतात, म्हणून पहिल्या महिन्यातच पासबुक चाळा.

टप्पा ४. पोलिसांचे तीन अहवाल आणि सहा महिने

एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपासी अधिकाऱ्यानं ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्यांच्या प्रती तुम्हालाही मिळायला हव्यात. वारसांनी भरायचा फॉर्म ६० दिवसांच्या आत अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. तो कुणी आणून देईल याची वाट बघू नका, मागून घ्या.

सविस्तर अहवाल गेला की तोच अर्ज म्हणून धरला जाऊ शकतो, असं कायदा सांगतो. तरीही माझा ठाम सल्ला आहे की स्वतःचा वेगळा दावा दाखल करा. अहवालात उत्पन्नाचा रकाना बहुतेक वेळा एका ओळीत संपलेला असतो, आणि सासू, सून, मुलं यांपैकी कुणाचं तरी नाव राहून गेलेलं असतं.

सहा महिने. अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा, असं कलम १६६(३) म्हणतं. आधी अशी मुदत नव्हती. म्हणून शेजारच्या वाडीतलं कुणी सांगतं, “आमचं तर तीन वर्षांनी केलं होतं.” त्यांचा अपघात जुना असेल. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर एक दिवसही बसू नका. कॅलेंडरवर पाचव्या महिन्याच्या शेवटी लाल खूण करा.

> तपासा: समोरच्या गाडीचा नंबर परिवहन विभागाच्या ॲपवर टाकून बघा. विमा कंपनीचं नाव आणि विमा कधीपर्यंत आहे ते कळतं. अपघाताच्या तारखेला विमा चालू होता का, हे पहिल्याच आठवड्यात माहीत असलं पाहिजे. विमा नसेल तर वसुली मालकाकडून करावी लागते आणि मग मालकाची मालमत्ता कुठे आहे हे शोधणं आलं.

गणपतीत टेम्पोच्या मागे बसून गावी येणारे असतात, त्यांच्यासाठी वेगळा इशारा. मालवाहू गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनी नाकारते आणि बऱ्याचदा ते मान्य होतं. अशा वेळी तो मालाबरोबर मालाचा मालक म्हणून बसला होता की नुसता प्रवासी, हा मुद्दा पहिल्याच जबाबात खरा आणि स्पष्ट यायला हवा.

टप्पा ५. अर्जदार कोण कोण

पत्नी किंवा पती, मुलं, आई-वडील. लग्न झालेली मुलगीही वारस म्हणून अर्जदार होऊ शकते. मुंबईत स्वतंत्र कमावणारा मुलगाही होऊ शकतो. त्याला किती मिळेल हा पुढचा प्रश्न.

या दाव्यासाठी दिवाणी कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. रेशनकार्ड, आधार, विवाह नोंद, मुलांचे जन्मदाखले, ग्रामपंचायतीचा कुटुंबाचा दाखला एवढ्यावर काम भागतं. वारस दाखल्यासाठी थांबून सहा महिने घालवलेलं घर मी पाहिलंय. तो दाखला बँक आणि जमिनीच्या कामाला लागतो, इथे लागत नाही.

सासू आणि सून यांचं पटत नसलं तरी दावा एकच करा. दोन दावे झाले की एकीच्या कागदातली विसंगती दुसरीला नडते. वाटा न्यायाधिकरण ठरवतं, आपसात आधी ठरवायची गरज नाही. आणि विधवेनं पुन्हा लग्न केलं म्हणून तिचा हक्क जात नाही. तिच्याकडून “मी हक्क सोडते” असं लिहून घेणारे सासरचे लोक चूक करतात. असा कागद करायला मी तरी कुणाला मदत करणार नाही.

टप्पा ६. उत्पन्नाचा पुरावा: इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं

भरपाईचा मोठा भाग मृताच्या मासिक उत्पन्नावर उभा राहतो. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजानं रक्कम धरतं, आणि ती खऱ्या कमाईपेक्षा बहुधा कमीच असते. कोकणात पगारपत्रक असलेली माणसं थोडी, म्हणून प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या जागी शोधावा लागतो.

*मुंबईतला चाकरमानी.* दुकानात रोखीनं पगार असेल तर मालकाचा नुसता दाखला चालत नाही, मालकाला साक्षीला यावं लागतं. तो येईल का, हे दावा दाखल करण्याआधी विचारा. गावी पाठवलेले पैसे हा उत्तम पुरावा आहे: यूपीआयच्या नोंदी, आईच्या पासबुकातल्या दरमहाच्या जमा.

*गवंडी, सुतार, चिरेखाणीवरचा कामगार, रिक्षावाला.* ज्यांच्या घरांचं काम केलं त्या दोन-तीन मालकांचे जबाब. हजेरीची वही असेल तर मूळ वही. रिक्षाचं परमिट, बॅज, कर्जाचे हप्ते. दरमहा ६ हजारांचा हप्ता वेळेवर भरणारा माणूस ८ हजार कमवत होता असं कोण म्हणेल?

*खलाशी.* वाट्याचा हिशेब तांडेल किंवा मालकाच्या वहीत असतो. त्या हंगामाची पानं फोटो काढून घ्या आणि सोसायटीच्या डिझेल-मासळीच्या नोंदी मागा.

*आंबा-काजू बागायतदार.* इथे युक्तिवाद ठरलेला आहे: बाग तर जागेवरच आहे, उत्पन्न बुडालं कुठे? म्हणून बागेचं एकूण उत्पन्न दाखवून भागत नाही. तो माणूस स्वतः काय करत होता आणि आता त्यासाठी किती पैसे मोजावे लागतात, हे दाखवा. फवारणीला लावलेल्या गड्याची मजुरी, राखणदाराचा पगार, पेट्या भरायला आणलेल्या माणसांच्या पावत्या. बाग कराराने द्यावी लागली असेल तर करारपत्र आणि आधीच्या वर्षांतली दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) शेजारी शेजारी ठेवा. फरक डोळ्यांनी दिसला पाहिजे.

*गृहिणी.* “ती काही कमवत नव्हती” असं घरचेच सांगतात, तेव्हा वाईट वाटतं. घरकामाची पैशात किंमत धरायची आणि त्यावर भविष्यातली वाढही धरायची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. खानावळ, कोकम-आगळ, पापड, घरगुती निवास असं काही चालवत असेल तर त्याचा पुरावा वेगळा जोडा.

> सावध: मृत्यूनंतर मागच्या वर्षांची आयकर विवरणपत्रं फुगवून भरू नका. भरल्याची तारीख कागदावरच असते. ती उघडी पडली की तुमच्या खऱ्या पुराव्यांवरचाही विश्वास उडतो.

टप्पा ७. स्वतः आकडा काढा

वकिलांकडे जाण्याआधी हे गणित घरी बसून करा. सूत्र सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांतून ठरलेलं आहे.

१. वार्षिक उत्पन्न घ्या.
२. भविष्यातली वाढ मिळवा. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर ४० वर्षांखाली ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५, ५० ते ६० मध्ये १०. कायम नोकरीत हेच आकडे ५०, ३० आणि १५ आहेत.
३. मृताचा स्वतःचा खर्च वजा करा. अवलंबून असणारे २-३ असतील तर एक तृतीयांश, ४ ते ६ असतील तर एक चतुर्थांश, त्याहून जास्त असतील तर एक पंचमांश. अविवाहित असेल तर साधारण निम्मा.
४. वयाच्या गुणकानं गुणा. २५ पर्यंत १८, २६-३० ला १७, ३१-३५ ला १६, ३६-४० ला १५, ४१-४५ ला १४, ४६-५० ला १३, ५१-५५ ला ११, ५६-६० ला ९, ६१-६५ ला ७, पुढे ५. वय मृताचं धरायचं, आई-वडिलांचं नाही.
५. ठरावीक रकमा मिळवा: साथ गमावल्याबद्दल प्रत्येक पती-पत्नी, मूल, आई-वडील यांना ४८,४००, अंत्यविधी १८,१५०, मृताच्या मालमत्तेचं (इस्टेटचं) नुकसान १८,१५०. मूळ आकडे ४०,००० आणि १५,००० होते, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात.

उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचा गवंडी, महिना १८,००० कमाई. घरात पत्नी, दोन मुलं, आई. वर्षाचे २,१६,०००. त्यावर ४० टक्के वाढ धरली की ३,०२,४००. चौघं अवलंबून, म्हणून एक चतुर्थांश वजा: २,२६,८००. गुणक १५: ३४,०२,०००. चौघांचे १,९३,६०० आणि बाकीचे ३६,३०० मिळवले की ३६,३१,९००. मृत्यूआधीचा दवाखान्याचा खर्च वेगळा. यावर दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज.

आता माझ्या मावसभावासारखी २५ टक्के चूक मृताची धरली गेली तर? २७,२३,९२५. नऊ लाखांहून जास्त गेले. दुसऱ्या टप्प्यातला एक फोटो केवढ्याचा असतो, ते इथे कळतं.

टप्पा ८. वकील आणि दाखल करणं

दावा अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो. अपघात माणगावजवळ झाला आणि पत्नी विरारला राहते, तर तिनं दर तारखेला माणगाव गाठायची गरज नाही. पण साक्षीदार कुठले आहेत हेही बघा. गावचा साक्षीदार विरारला येणार नसेल, तर अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस यांपैकी जवळचं ठिकाण बरं.

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारायचं. बहुतेक दाव्यांत अर्जदार विधवा असते, म्हणजे बहुतेकांना हा हक्क आहे.

> सावध: “आधी काही देऊ नका, मिळालेल्यातले इतके टक्के द्या” असं ठरवणं वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही. फी आकड्यात ठरवा, लिहून घ्या. रुग्णालयाच्या दारात कार्ड देणाऱ्या एजंटाला मूळ कागद देऊ नका. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या धनादेशावर किंवा बँकेच्या कोऱ्या स्लिपवर सही करू नका.

दाव्याची प्रत घरी आणून वाचा. नावं, वय, गाडी नंबर, पॉलिसी नंबर, उत्पन्न हे पाच मुद्दे स्वतः तपासा.

टप्पा ९. तडजोडीचा देकार आला

अपघाताची माहिती मिळाल्यावर विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्यानं ३० दिवसांत देकार द्यावा, अशी तरतूद कलम १४९ मध्ये आहे. देकार मान्य केला तर न्यायाधिकरण तो नोंदवतं आणि त्यानंतर ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. प्रत्यक्षात बहुतेक तडजोडी लोकअदालतीत होतात.

तडजोड वाईट नाही. उत्पन्नाचा पुरावा कच्चा आहे, चुकीबद्दल वाद आहे, घरात म्हातारे आई-वडीलच उरलेत, मुलांच्या फीला आज पैसे हवेत, अशा वेळी थोडं कमी घेऊन लवकर मोकळं होणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. त्या टेबलावर सही झाली की विषय संपला. म्हणून सहीआधी हे विचारा:

- ही रक्कम व्याजासह की व्याज वेगळं? वरच्या उदाहरणात दावा दोन वर्षं चालला आणि साडेसात टक्के दर धरला, तर नुसतं व्याज साधारण ५ लाख ४५ हजार होतं. ‘२८ लाख, सगळं धरून’ हा देकार ३६ लाखांच्या नव्हे, ४१ लाखांच्या शेजारी ठेवून बघायचा असतो.
- उत्पन्न किती धरलं, वाढ धरली का, गुणक कोणता? कागदावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर पुढची तारीख घ्या.
- मृताची चूक धरून कापलंय का? किती टक्के, कशाच्या आधारावर?
- पैसे किती दिवसांत, कोणाच्या नावावर?

देकार ऐकल्यावर त्याच दिवशी उत्तर देण्याचं बंधन नाही. “घरी विचारून सांगतो” म्हणा. एका माउलीला मी बाहेर बाकावर बसवून वहीत आकडे मांडून दाखवले होते. तिनं शांतपणे आत जाऊन सांगितलं, “माझ्या घोवाचं वय एकेचाळीस होतं, तुम्ही सेहेचाळिसाचा गुणक लावलात.” चौदाच्या जागी तेरा धरला होता. तो दुरुस्त झाला.

टप्पा १०. साक्ष, निकाल आणि पैसे

साक्षीत पाठ केलेलं बोलू नका. “अपघात तुम्ही पाहिला का?” याला पत्नीचं उत्तर “नाही” असेल तर “नाही” म्हणा, पाहणारा साक्षीदार वेगळा असतो. फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप संपत नाही, दोन्हींच्या पुराव्याचं मोजमाप वेगळं आहे.

निकाल कमी वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातं, रायगडसाठी मुंबईला. विमा कंपनीनं अपील केलं तर घाबरू नका, पण नोटीस आली की लगेच वकिलांना दाखवा.

पैसे घेण्यासाठी पत्नीच्या एकटीच्या नावाचं खातं घराजवळच्या बँकेत उघडा. दिराबरोबर किंवा सासऱ्यांबरोबरचं संयुक्त खातं देऊ नका. अज्ञान मुलांचा वाटा १८ वर्षांपर्यंत मुदतठेवीत राहतो, पत्नीच्या वाट्याचा काही भागही बऱ्याचदा ठेवीत ठेवला जातो. ठेवीचं व्याज दरमहा तिच्या खात्यात यावं, असं आदेशात लिहून घ्यायला वकिलांना आधीच सांगा. मुलाची बारावीनंतरची फी, घराची कोसळलेली भिंत, आजारपण अशा खऱ्या गरजेला मुदतीआधी रक्कम काढायची असेल तर बँकेशी वाद घालू नका. न्यायाधिकरणात अर्ज करायचा, सोबत कॉलेजचं फी-पत्रक किंवा दवाखान्याचं अंदाजपत्रक जोडायचं. मूळ ठेवपावतीची झेरॉक्स आणि निकालाची प्रमाणित प्रत कागदांच्या त्या वहीतच ठेवा, कारण हा अर्ज करायची वेळ बहुधा जूनमध्ये येते, आणि तेव्हा शोधाशोधीला सवड नसते.